पानकान्यांची गादी

राजघराण्याचा आधार जातो तेव्हा एक युग संपतं आणि सारा प्रदेश क्षणभर स्तब्ध होतो. इतिहास शिकवत होतो तेव्हा जवळजवळ याच शब्दांत हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायचो, पोरं ते पाठ करायची आणि परीक्षेत दोन गुण घ्यायची. सिंधूबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी कुरखेड्याच्या बाजारात वांगी निवडत होतो. फोन फिरदोसचा होता. "गुरुजी, बाई गेल्या जी. आत्ताच. चहा मांगतला, आन मी घेऊन येईपर्यंत..." मी हातात वांगं धरून उभा. प्रदेश स्तब्ध वगैरे झाला नाही. समोरची बाई म्हणाली, "घ्याचे हायेत का नुसते चाचपाचे?" मी अर्धा किलो घेतली आणि पिशवीसकट बाईंच्या घरी गेलो. त्याला आता पाच आठवडे होतील.

सिंधूबाई आमच्या शाळेत तीसेक वर्षं शिक्षिका होत्या. मी त्याच शाळेत आधी साधा गुरुजी आणि नंतर प्रभारी मुख्याध्यापक. 'प्रभारी' म्हणजे तात्पुरता, असं नेमणुकीच्या कागदावर होतं. ते मला निवृत्तीपर्यंत पुरलं. बाईंनी लग्न केलं नाही. भावाच्या घराला लागून दोन खोल्या आणि पुढे छपरी, एवढा त्यांचा संसार. गणित शिकवायच्या आणि उत्तम शिकवायच्या. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या कोणालाही विचारा, गणिताचं नाव सर्वांत शेवटी निघेल. आधी निघतील पानकाने.

पानकाने म्हणजे आपल्या जंगलात आपल्या आधीपासून राहणारे लोक. दोन हात उंच. ज्या झाडाखाली जन्मले त्या झाडाच्या पानासारखे कान. सागाखालचे मोठ्या कानांचे, चिंचेखालचे बिचारे जवळजवळ बहिरे. आयुष्य तीनशे वर्षांचं. पानगळीत कान पिवळे पडतात, पावसाळ्यात परत हिरवे होतात. म्हातारपणी किंवा मोठ्या दुखण्यात एखादा कान गळतो, तरी दुसऱ्यावर निभावतं; दोन्ही गळले की पानकाना मातीत गेला. मोहफुलं ते माणसांच्या आधी वेचतात, म्हणून कोणाची टोपली हलकी भरली तर घरी कारण सांगता येतं. तेंदूपानाच्या हंगामात मात्र ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत, कारण कोणी पान समजून कान तोडेल आणि विडीपानांच्या पुड्यात बांधेल ही धास्ती. हे सगळं शनिवारच्या शेवटच्या तासाला, चौथी ते सातवीला एकत्र बसवून, सांगितलं जायचं. माझं ऑफिस भिंतीपलीकडेच होतं. हजेरीचे तक्ते भरता भरता मी पानकान्यांचा अख्खा इतिहास ऐकला आहे, आणि शिकवला त्या इतिहासापेक्षा तो मला जास्त आठवतो.

या लोकांवर राज्य राणीचं. पहिल्याच शनिवारी कोणीतरी विचारलं, "बाई, राणी मेल्यावर कोन?" घंटेला एक मिनिट होतं. बाई फळा पुसत म्हणाल्या, "तिची थोरली पोरगी. तिच्यानंतर तिची थोरली पोरगी." पुढच्या तीस वर्षांची राज्यघटना अशी घंटेच्या आधी एका मिनिटात तयार झाली. आपली बरीच मोठी माणसं याहून कमी विचार करून याहून मोठे निर्णय घेतात, म्हणून मी कधी हसलो नाही. पण वंशपरंपरेने गादी हे मला खटकायचं. मी एकदा म्हणालो, "बाई, बाहेरच्या भिंतीवर आपण संविधानाची उद्देशिका रंगवून घेतली आहे आणि आत तुम्ही राणी बसवता?" त्या म्हणाल्या, "गुरुजी, लोकशाही मी सोमवार ते शुक्रवार पाहून राह्यली ना. शनिवारी अर्धाच दिवस राणी हाय. होऊ द्या."

राणीचा थाट मात्र मला पटण्यासारखा होता. मुकुट नव्हता, कारण कानांत अडकतो. सिंहासन म्हणजे तोडलेल्या सागाचा खुंट, आणि राजमुद्रा म्हणजे त्या खुंटावर जंगल खात्याने हातोड्याने ठोकलेला नंबर. राज्याभिषेकाला मोहाच्या बियांचं तेल उजव्या कानावर एक थेंब, डाव्यावर एक. भाषण नाही. मी आयुष्यभर जितके सत्कार आणि उद्घाटनं सोसली, त्या सगळ्यांत हा एकच समारंभ मला आटोपशीर वाटला आहे.

आणि एक गोष्ट इतर कोणत्याही राज्यात नव्हती. गोष्ट चालू असताना वर्गातलं कोणतंही पोरगं उभं राहून "हरकत!" म्हणू शकायचं. मागे जे सांगितलं त्याच्याशी आज सांगितलेलं जुळत नसेल, तर गोष्ट तिथेच थांबायची. दुरेघी वही होती, तिला हरकतवही म्हणत. ती सांभाळणारी मुलगी जुना निकाल वाचून दाखवायची आणि बाईंना उत्तर द्यावं लागायचं. उत्तर नसेल तर बाई हात जोडून "मागं घेते" म्हणायच्या आणि गोष्ट मागे जायची. पण एक अट होती. हरकत त्याच तासाला, तिथल्या तिथे. तास संपला की सांगितलं ते घडलं; मग ते बाईंनाही बदलता येत नसे. एका वर्षी सातवीच्या पोरांनी राणीला माकड दत्तक घ्यायला लावायचा घाट घातला, तेव्हापासून निकाल झाला : गादीला दत्तक चालत नाही. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, हा तास कोणत्या विषयाचा? बाई म्हणाल्या, "नागरिकशास्त्र." साहेब मागच्या बाकावर बसले, दहा मिनिटं ऐकलं, आणि भान हरपून विचारते झाले, "मग राणीला प्रधान नाही का?" चौथीतली एक पोरगी ताडकन उठली. "हरकत! साहेब शाळेतले नाई." मी दारात उभा होतो. बाईंनी शांतपणे निकाल दिला, "बरोबर हाय. ज्याचं नाव शाळेच्या हजेरीवर नाई, त्याचं इथी चालत नाई. लिही वहीत." साहेबांनी शेरा चांगला लिहिला. प्रधानाचा प्रश्न अजून प्रलंबित आहे.

ती चौथीतली पोरगी म्हणजे फिरदोस. तिच्या वडिलांचं बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान होतं, आता ते ती चालवते. तिच्याएवढ्या हरकती कोणाच्या नव्हत्या. बाई वरून वैतागायच्या आणि ती एखाद्या शनिवारी आली नाही की गोष्ट आखडती घ्यायच्या, म्हणायच्या, "आज पाहारेकरी नाई, आज मी काई बी बोलून जाईन."

बोलून गेल्या त्या त्याच वर्षी. गादीवर तेव्हा राणी अर्जुनी होती, तिची एकुलती मुलगी राजकन्या चारोळी. हे नाव मुलांनी ठेवलेलं, बाईंना ते जरा खाऊचं वाटायचं. चारोळी अवखळ होती, माणसांच्या शाळेच्या खिडकीत बसून पाढे ऐकायची आणि सतराचा पाढा चुकला की वरून बी मारायची. मुलांचा तिच्यावर जीव होता. आणि एका शुक्रवारी बाईंच्या बदलीचा कागद आला, थेट सिरोंच्याच्या टोकाला, जिथे मुलं घरी तेलुगू बोलतात. शाळेचं नाव वाचून आम्ही नकाशा काढला. बाईंची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मी काय केलं? बदलीला काही दिवसांची मुदत मागता आली असती. मी कागद आला त्याच दुपारी त्यांना कार्यमुक्त केलं, कारण कागदावर 'तात्काळ' लिहिलेलं होतं आणि मी प्रभारी होतो. सहीच्या वेळी बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाई मुलांचा निरोप घ्यायला आल्या. शेवटचा तास नेहमीसारखाच सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत भिंतीपलीकडून असा आवाज आला की मी पेन टाकून उठलो. चाळीस मुलं एकदम रडत होती. बाईंनी चारोळीला तापाने मारलं होतं. आधी डावा कान गळाला, मग उजवा. मागाहून मला म्हणाल्या, की आपल्यामागे येणारा कोणी ती गोष्ट कशीही ओढत नेईल, त्यापेक्षा इथेच संपवलेली बरी. वारस नाही, तर राज्य नाही. वर्गात मात्र एकटी फिरदोस रडत नव्हती. ती बाकावर उभी राहून ओरडत होती, "हरकत! बाई, हरकत!" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी हरकत ऐकून घेतली नाही. म्हणाल्या, "आज हरकत नाई. आज माझा शेवटचा दिवस हाय." घंटा झाली. सांगितलं ते घडलं.

नऊ दिवसांनी बदली रद्द झाली. ज्या जागेवर त्यांना पाठवलं होतं तिथे आधीच कोणीतरी बसलेलं होतं. बाई सोमवारी पुन्हा आमच्याच शाळेत हजर झाल्या आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांनी करून ठेवलेला घोटाळा. राणी अर्जुनी जिवंत, मुलगी मेलेली, दुसरी मुलगी नाही, दत्तक चालत नाही. त्या शनिवारी बाई हसत हसत म्हणाल्या, "ऐका रे, चारोळी मेलीच नोती, झोपली होती." पाचवीतला एक मुलगा उठला. "हरकत. दोनी कान गळले होते." हरकतवही उघडली गेली. दोन्ही कान गळले म्हणजे मातीत गेला, पहिल्या वर्षीचा निकाल, बाईंच्याच तोंडचा. बाईंनी फिरदोसकडे पाहिलं, की हिने तरी त्या दिवशीची हरकत पुढे करावी. पण फिरदोस रुसून बसली होती. तिची हरकत नाकारली गेली होती आणि ती सगळा महिना बाईंशी बोलली नाही. बाई खाली बसल्या. मी त्यांना एवढं हरलेलं पुढे फक्त एकदाच पाहिलं.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं राणी अर्जुनी एकटीच राज्य करत राहिली. पानकाने तीनशे वर्षं जगतात, त्यामुळे घाई नव्हती. मी अधूनमधून सुचवायचो की आता गणराज्य करून टाका. एकदा बाईंनी ते खरंच मतदानाला टाकलं, आणि सगळ्या वर्गाने हात वर करून राणीच हवी असं ठरवलं. लोकशाही लोकशाही मार्गाने पडली. निवृत्त झाल्या त्या शनिवारी त्यांनी मुलांकडून ठराव करून घेतला, की यापुढे बाईंची छपरी हीच शाळा आणि जे पोरगं येईल त्याचं नाव हजेरीवर. हरकतवहीही छपरीत आली. जुन्या विद्यार्थ्यांची मुलं येऊ लागली. फिरदोस तोवर मोठी झाली, तिचं लग्न झालं, दुकान झालं. रोज सकाळी येताजाता बाईंच्या घरी डोकवायची, ब्लाउज शिवून द्यायची, भांडायची. चारोळीचं नाव मात्र दोघींनी एकमेकींपुढे काढलं नाही.

मागच्या पावसाळ्यात बाईंचं दुखणं उघड झालं. फुप्फुसांचं होतं, डॉक्टरांनी गडचिरोलीला नेऊन काय ते सांगितलं आणि बाईंनी ते गणितासारखं समजून घेतलं. मी भेटायला गेलो तेव्हा वाटलं की दुखण्याविषयी बोलतील. त्या म्हणाल्या, "गुरुजी, गादीचं काय?"

मला ऐकू आलं तरी मी "काय?" म्हणालो.

"अर्जुनीनंतर कोन? मी गेली की पोट्टे इथी येतीन, कोनीतरी गोष्ट सांगन. सांगाच पायजे. पन वारस नाई म्हनून जो सांगन तो आपल्या मनाचा राजा बसवन. तीस वर्षं पोरांनी एकेक शब्द धरून बांधलेलं राज्य हाय ते. माझ्या एका दिवसाच्या रागापायी गेलं तं..." खोकला आला. थांबल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "आन त्या पोरीनं माझं काय वाकडं केलं होतं जी? राग तुमच्यावर होता. मारलं तिले."

मी वाचणारा माणूस आहे. मनात आलं, बाईंना मूलबाळ नाही, हा वारसाचा घोर मुळात दुसराच कसला तरी आहे, आणि तसं मी जरा फिरवून बोललोही. त्यांनी माझ्याकडे गणितात नापास झालेल्याकडे पाहावं तसं पाहिलं. "गुरुजी, दर गोष्ट माझ्यावरच काऊन न्याची? मी बरी हाव. प्रश्न राज्याचा हाय." तेव्हापासून मी पुस्तकातलं शहाणपण त्या घरात नेणं बंद केलं.

शनिवारी छपरीत मुलं जमायची आणि हाच एक विषय चालायचा. अर्जुनीला या वयात दुसरी मुलगी होऊ शकते का? हरकत : दोनशे नव्वद वर्षांची आहे. अर्जुनीची बहीण? हरकत : थोरली पोरगी म्हटलं होतं, बहीण नाही. दहा वर्षांची पल्लवी तेव्हा हरकतवही सांभाळायची, ती प्रत्येक वेळी पान काढायची, बोट ठेवून वाचायची आणि आशा मोडायची. तिलाही वाईट वाटायचं, पण वाचायची बरोबर. बाईंना दम पुरत नसे. पाच मिनिटं सांगायच्या, दहा मिनिटं टेकून बसायच्या. मी एकदा रागाने म्हणालो, "तुमचीच गोष्ट आहे, बदला की. कोण अडवतंय?" बाईंनी समोरच्या मुलांकडे बोट केलं. "हे. आन अडवतेत म्हनूनच तं ते खरं हाय."

त्याच्या पुढच्या शनिवारी फिरदोस दुकान बंद करून छपरीत आली आणि मुलांच्या रांगेत, मागे, मांडी घालून बसली. बाईंनी तोंड उघडायच्या आत ती उभी राहिली. वय एकतीस-बत्तीस, गळ्यात मोजपट्टी. म्हणाली, "हरकत."

मुलं वळून पाहायला लागली. बाई म्हणाल्या, "कायची व?"

"चारोळीची. मी तवाच घेतली होती. त्याच तासाले, तिथल्या तिथी. तुमी ऐकली नाई. निकाल झालाच नाई, म्हनजे माझी हरकत अजून उभी हाय."

पल्लवीने घाईघाईने जुन्या वह्या उघडल्या. अट वाचली. बरोबर होतं, हरकत वेळेत घेतली होती. बाई सरसावून बसल्या. "मंग सांग," त्या म्हणाल्या. "काय म्हननं हाय तुजं?"

"साहेब आलते तवा तुमी निकाल देला. ज्याचं नाव हजेरीवर नाई, त्याचं चालत नाई. तुमाले शुक्रवारीच कार्यमुक्त केलतं. शनिवारी तुमी शाळेच्या नोत्याच बाई. निरोप घ्याले आल्या होत्या. बाहेरच्या मानसानं चारोळीले मारलं. ते धरता येत नाई."

छपरीत एकदम गलका झाला. मुलं टाळ्या पिटायला लागली, बाई डोळे मोठे करून फिरदोसकडे पाहतच राहिल्या... आणि मी, दोघींतल्या एकीनेही न विचारता, तोंड उघडलं. कार्यालयात आयुष्य गेलेल्या माणसाचं हे असं होतं. मी म्हणालो, "पण बदली रद्द झाली ना. रद्द झाली म्हणजे कार्यमुक्तीही रद्द. कागदोपत्री बाई त्या शनिवारी आपल्याच शाळेच्या होत्या." गलका बसला. पल्लवीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. बाई म्हणाल्या, "गुरुजी खरं बोलून राह्यले. झालं मंग." मघाशी लिहिलं ना, एकदाच, ते हेच.

फिरदोस मात्र बसली नाही. ती माझ्याकडे वळली. "मंग गुरुजी, त्या शनिवारी बाईंची हजेरी तुमी काय लावली?"

मला आठवेना. खरोखर आठवेना. बावीस वर्षांपूर्वीचं मस्टर, आणि मी रोज बारा जणांच्या खुणा करायचो. फिरदोस म्हणाली, "तं जाऊन पाहा ना जी."

सोमवारी सकाळी मी शाळेत गेलो. आताच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी, त्यांनी काही विचारलं नाही, किल्ली दिली. जुनी मस्टरं पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांमागे लोखंडी पेटीत होती. दोन तास लागले. उंदरांनी जानेवारी ते मार्च बराच खाल्लेला, पण तो महिना शाबूत होता. बाईंच्या नावापुढे, त्या शनिवारच्या चौकोनात, माझ्याच अक्षरात दोन अक्षरं होती : कि. र. खाली माझी आद्याक्षरं. मग सगळं आठवलं. बदली रद्द झाल्यावर मधल्या दिवसांचं काय करायचं हा प्रश्न होता. शुक्रवारी कार्यमुक्त केलेली बाई शनिवारी हजर दाखवली तर तपासणीत विचारणा झाली असती, गैरहजर दाखवली तर सेवेत खंड पडला असता. म्हणून मी मागाहून तिथे किरकोळ रजा लिहिली. तेवढाच काय तो मी त्यांच्यासाठी काही केल्याचा पुरावा, आणि तोही मी विसरलो होतो.

फोटो काढला आणि तडक बाईंकडे गेलो. शनिवारची वाट पाहवली नाही. फिरदोस तिथेच होती, बाईंना भाताची पेज भरवत होती. बाईंनी चष्मा मागितला, फोन डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिलं.

"कि. र.," त्या म्हणाल्या. "मी रजेवर होती?"

"होतात."

"सही कोनाची?"

"माझीच."

"रजेवरच्या बाईनं शिकवलेलं धरतेत काय व, फिरदोस?"

"नाई जी. त्या दिवशी बदली गुरुजी येतेत. आलेच नोते तं तास झालाच नाई."

बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "हरकत मंजूर." थोड्या वेळाने : "पोरगी जित्ती हाय." आणि मग, फिरदोसचं मनगट घट्ट धरून, "एवढे वर्ष काऊन बोलली नाई व तू?" फिरदोस म्हणाली, "तुमी मले चुप बसवलं होतं ना." दोघी रडल्या आणि दोघी हसल्या. मी पेजेची वाटी आत नेऊन ठेवली, कारण तिथे उभं राहणं बरं दिसत नव्हतं.

त्या शनिवारी मुलांना सांगितलं गेलं. पल्लवीने लाल पेनने नोंद केली. लगेच पुढचा प्रश्न आला, की मग बावीस वर्षं चारोळी होती कुठे? बाई म्हणाल्या, "ते मले काय मालूम? मी रजेवर होती. तुमी शोधा." मुलं तुटून पडली. एकाच्या मते ती धानोऱ्याच्या जंगलात होती, एकीच्या मते सिरोंच्याला जाऊन तेलुगू शिकून आली. बाई टेकून बसून ऐकत होत्या आणि मधूनच, बारीक आवाजात, "हरकत" म्हणत होत्या. पहिल्यांदाच त्या हरकत घेणाऱ्यांच्या बाजूला होत्या आणि त्यांना ते फार आवडलेलं दिसत होतं. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. चारोळीचा राज्याभिषेक सांगायचा राहिला.

तो राहिला म्हणून मला सुरुवातीला चुटपुट लागली. आता वाटतं, त्यांनी तो मुद्दाम ठेवला असावा. किंवा नसावाही, दम पुरला नाही एवढंच. काही असो, मुलांनी त्यानंतर एकही शनिवार चुकवलेला नाही. गोष्ट फिरदोस सांगते. बाईंसारखी नाही सांगत, फार भरभर सांगते, आणि मापं घ्यायची सवय असल्याने पानकान्यांची उंची आता इंचात येते. पण हरकती पूर्वीपेक्षा जास्त येतात आणि ती प्रत्येक ऐकून घेते, एकही नाकारत नाही. चारोळी अजून वाटेवर आहे. मोह फुलायच्या आत पोचेल असा अंदाज आहे.

पहिल्या शनिवारी छपरीत बाईंची खुर्ची होती. हिरवी, प्लॅस्टिकची, एका हाताला तडा गेलेली. शेवटचे सहा महिने त्या तिच्यातच बसत. मुलं तिच्याभोवती घोटाळली. फिरदोसने तिच्यात बसायला नकार दिला, ती जमिनीवर बसली. मग मुलांनीच ठरवलं, की नवी राणी येईपर्यंत ही खुर्ची रिकामी राहील, तिच्यात कोणीही बसायचं नाही. पल्लवीने वहीत तसं लिहिलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी, ज्याने आयुष्यभर दोन शब्दांची टिंगल केली, चांगली दहा मिनिटं बोललो. रिकामी गादी ही कशी वाट पाहायला शिकवते, असं काहीतरी.

दुसऱ्या शनिवारी फिरदोसची सासू आली आणि त्या खुर्चीत बसली. अजूनही दर शनिवारी येते, तिथेच बसते. तिचे गुडघे दुखतात.